सावळधरीची कावड

तिसऱ्या बाकावरच्या मुलीने डाव्या खांद्याला हात लावला, क्षणभर थांबली आणि उत्तर लिहिलं. लक्ष्मणराव उमाटे खिडकीपाशी पाणी पीत होते. त्यांनी पेला तसाच खाली ठेवला. माणसाचा खांदा खाजू शकतो, एवढं त्यांना मान्य होतं. पण दोन मिनिटांनी तिच्या मागच्या मुलाने डावा खांदा शिवला, मग भिंतीकडच्या मुलाने, आणि तेवढ्यात त्या पहिल्या मुलीचा हात उजव्या खांद्यावर गेला. एका खोलीत इतक्या जणांचे खांदे एकदम खाजत नसतात.

एक्क्याऐंशी सालच्या मार्चातली दहावीची परीक्षा, आर्वीचं केंद्र आणि इंग्रजीचा पेपर. मुलं तिसऱ्या प्रश्नावर होती. वाक्यात एक क्रियापद दिलेलं आणि त्याच्यापुढे निवडायला दोन रूपं, एक अगोदर 'टू' लावलेलं, दुसरं शेवटी 'आयएनजी' जोडलेलं. एन्जॉयपुढे आयएनजी चालतं, वाँटपुढे टूच लागतं. असं का, ते कुणी सांगत नाही, पाठ करावं लागतं. पाच वाक्यं, पाच गुण. खेड्यातली पोरं इथे हमखास गोते खातात, हे लक्ष्मणरावांनी सव्वीस वर्षांच्या मास्तरकीत पाहिलं होतं. आज खोली नंबर चारमधली पोरं गोते खात नव्हती. खांदा शिवत होती आणि लिहून मोकळी होत होती.

लक्ष्मणरावांनी खिशातली डायरी काढली आणि टिपायला सुरुवात केली. डावा, उजवा, डावा, डावा, उजवा. एकतीस पोरांपैकी एकोणतीस जणांची ओळ अगदी हीच निघाली. उरलेल्या दोघांकडे त्यांची पाठ होती, एवढाच काय तो फरक.

संशय घेण्यात लक्ष्मणरावांचा हात धरणारा आर्वीत कोणी नव्हता. दूधवाल्याच्या मापात ते बोट बुडवून पाहत. शाळेत खडूचा डबा उघडताना खडू मोजत आणि बंद करताना पुन्हा मोजत. देवकाबाई, म्हणजे त्यांची बायको, शेजारणींना सांगे, "यमदूत आला तरी हे त्याले वारंट मागतीन." लक्ष्मणरावांना हे ऐकून वाईट वाटत नसे. वारंट मागायलाच पाहिजे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

ते तिसऱ्या बाकापाशी गेले.

"नाव?"

"नलू भैयाजी कोहळे, सर."

"शाळा?"

"सावळधरी."

ते नाव ऐकताच लक्ष्मणरावांच्या कपाळाला आठी पडली. "खांद्याले हात काऊन लावून राह्यली?"

"कोनं, सर?"

"तू!"

नलूने आपल्या हाताकडे पाहिलं, मग खांद्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर खराखुरा गोंधळ होता. लक्ष्मणरावांना तो अव्वल दर्जाचा अभिनय वाटला. त्यांनी तिची कंपासपेटी उपडी केली, फ्रॉकच्या बाह्या पाहिल्या, बाक उलटा केला. चिठ्ठी नाही, कागद नाही, तळहातावर शाईचा ठिपका नाही. आणि पुरावा सापडत नाही, याचाच अर्थ चोर हुशार आहे.

पेपर संपल्यावर केंद्राचे प्रमुख पुंडलिकराव वैतागले. "अजी उमाटे सर, कॉपी सापडली काय? नाई. कोणी बोललं काय? नाई. मंग खांद्यावर रिपोर्ट लेहता काय?"

"गाव कोणतं हाय ते तर पाहा."

"काऊन, गावाले काय झालं?"

"मी राह्यलो त्या गावात. मले ते गाव मालूम हाय."

पुंडलिकरावांनी पुढे विचारलं नाही आणि लक्ष्मणरावांनी सांगितलंही नसतं. सत्तावन्न साली, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, ते सावळधरीच्या मिडल स्कूलवर होते. शाळेभोवती एक झुडूप नव्हतं. त्यांनी कडुनिंबाची अकरा रोपं आणून लावली आणि मुलांच्या पाळ्या लावून विहिरीवरून कावडीने पाणी आणवलं. एके दिवशी शाळा तपासणीस जीपमधून उतरला आणि शेरा मारून गेला, 'शिक्षक इंग्रजीच्या तासाला मुलांकडून पाणी वाहून घेतो.' तो शेरा सर्व्हिस बुकात लागला, महिन्याभरात बदली झाली. तक्रार गावातल्याच कोणीतरी केली असणार. कोणी केली, ते कधी कळलं नाही. ज्यांच्या घरी जेवलो त्यांपैकीच कोणीतरी, एवढं मात्र लक्ष्मणरावांनी मनाशी पक्कं केलं आणि कोणाचाही निरोप न घेता पहाटेच्या बैलगाडीने गाव सोडलं. खडू मोजायला त्यांनी नंतरच्या गावापासून सुरुवात केली.

पाच पानी रिपोर्ट तक्त्यासह बोर्डाकडे गेला. सावळधरीच्या एकतीसही मुलांचा निकाल राखून ठेवण्याचं पत्र मे महिन्यात शाळेला आलं.

पत्र आलं त्याच आठवड्यात एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. पस्तिशी ओलांडलेली, सुती पातळ, खांद्याला पिशवी. मागे तिसऱ्या बाकावरची ती मुलगी.

"मी जयवंता ठोंबरे. सावळधरीले इंग्रजी शिकवतो मी."

लक्ष्मणरावांची नजर पिशवीवर गेली. "त्या पिशवीत काय हाय?"

"पाण्याची बाटली, सर. एसटीत तहान लागते."

त्यांनी पिशवी नीट निरखली. बाटलीच होती. तरी त्यांनी देवकाबाईला आतून हाक मारून बजावलं, "कोणाकडून काही घेजो नको." मग बाईंना बसायला सांगितलं.

जयवंताबाई आढेवेढे न घेता बोलल्या. गावच्या मिडल स्कूलचं हायस्कूल होऊन तीनच वर्षं झाली होती. ही दहावीची पहिलीच तुकडी. "या नलूचा बाप म्हणते, यंदा पास झाली तर वर्ध्याले डी.एड.ले घालतो. नाई झाली तर पुलगावचं स्थळ पाह्यलेलं हाय, आषाढाच्या आत लग्न. त्यानं साखरपुड्याचं पातळ बी आणलं हाय, सर. निकाल रोखून ठेवला म्हंजे तो थांबत नाई."

नलू जमिनीकडे बघत उभी होती. ती रडली असती तर लक्ष्मणरावांना बरं वाटलं असतं; रडणाऱ्यांचं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. ती रडली नाही.

"मग खांद्याले हात कायले लावते?"

"ती आमची शिकवाची रीत हाय. शब्द डाव्या डब्यातला हाय का उजव्या, ते हात सांगते. पोराइले मालूमही नाई राहत आपण हात लावला म्हणून." जयवंताबाई थांबल्या. "कावडीची रीत हाय, सर. मले लहानपणी एका मास्तरानं शिकवली."

लक्ष्मणरावांच्या डोळ्यांपुढे विहिरीकडची धुळीची वाट आली, कावडीखाली वाकलेली पोरं आली, आणि स्वतःही कावड घेऊन पुढे चालत 'अव्हॉइड! डिसाइड!' असं ओरडणारा एक चोवीस वर्षांचा सडपातळ मास्तर आला. डाव्या डब्यात आयएनजीचे शब्द, उजव्यात टूचे. ते विसरले नव्हते. त्यांनी ते मुद्दाम पुरून टाकलं होतं. आणि ही बाई ते उकरून काढायला आली होती. कशाला? सर्व्हिस बुकातला शेरा हिला माहीत असणार. गप्प बसा नाहीतर बोर्डापुढे तो शेरा वाचून दाखवते, असंच हिला सुचवायचं असणार.

"कावडीनं शिकवलं असन त्या मास्तरानं," ते कोरडेपणाने म्हणाले. "खांद्याले हात लावाले नाई शिकवलं."

"कावड परीक्षेत कशी नेतीन, सर?"

लक्ष्मणराव उठून उभे राहिले. "मंगळवारी चौकशीचे साहेब तुमच्या गावी येऊन राह्यले. जे सांगाचं ते त्याइले सांगजा."

दोघी गेल्या. देवकाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हातात लाटणं घेऊन उभी होती.

"खांद्याले हात लावला म्हणून पोरगी पकडली तुमी?"

"तुले त्यातलं काही समजत नाई."

"मंग तुमाले कोण पकडीन?"

"म्हंजे?"

"पेपर तपासता तवा तुमी दुसरं काय करता? कवा डावा खांदा, कवा उजवा. अन् मधूनच कपाळ पुसता, पौषाच्या थंडीत. मले वाटे घामोळ्या आल्या. वीस वर्षं झाली, मी घामोळ्याची पावडर आणून राह्यली."

लक्ष्मणराव हसले. मग त्यांनी कोनाड्यातला चाचणी परीक्षेचा जुना गठ्ठा काढला, लाल पेन घेतलं आणि तपासायला बसले. देवकाबाई बघत राहिली. दहा पेपर झाले, पंधरा झाले, हात जागचा हलला नाही. हलणार कसा, त्यांचं सगळं लक्ष हाताकडेच होतं.

"पाह्यलं?" ते म्हणाले.

"चोरावर पाळत ठेवल्यावर तो चोरी करते काय?" असं म्हणून ती भाकरी थापायला गेली. हीसुद्धा त्या बाईला सामील आहे की काय, अशी एक शंका लक्ष्मणरावांच्या मनात डोकावून गेली. त्यांची त्यांनाच लाज वाटली, पण शंका गेली नाही.

मंगळवारी ते चौकशीच्या साहेबांबरोबर एसटीने सावळधरीला उतरले. साहेब नागपूरचे, बारीक अंगाचे, हातात फाइल. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. लक्ष्मणरावांना तो माणूस आवडला.

शाळा कडुनिंबांच्या सावलीत होती. झाडं कौलांच्या वर गेली होती, बुंधे दोन हातांच्या कवेत मावत नव्हते. लक्ष्मणरावांनी सवयीने मोजली. अकरा लावली होती, नऊ उरली होती. कोणीतरी नऊ झाडांना पुढची वर्षं पाणी घातलं होतं. त्यांनी मान फिरवली.

सुट्टी असूनही एकतीसही पोरं आली होती. बाहेर सावलीत पालक बसले होते. नलूचे वडील भैयाजी एका बाजूला बिडी न पेटवता नुसती हातात धरून बसले होते.

साहेबांनी मुलांना भिंतीकडे तोंड करून एका ओळीत उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. मग पेपरातले शब्द घेतले. "एन्जॉय." एकतीस डावे हात डाव्या खांद्यांवर गेले. "वाँट." एकतीस उजवे. "फिनिश. रिफ्यूज." हात बिनचूक जात होते. "टेबल," साहेब मध्येच म्हणाले. एकही हात हलला नाही. दोन-तीन पोरं मात्र फिसकन हसली. पालकांमध्ये जरा हालचाल झाली.

साहेबांच्या चेहऱ्यावरची रेघ बदलली नाही. "हे छान आहे, बाई. पण पेपर मार्चमध्ये झाला आणि आज मे आहे. दोन महिन्यांत हे पाठ करून घेता येतं. परीक्षेत खुणा ठरलेल्या होत्या आणि ही रीत नंतर रचली, असं मी म्हटलं तर?"

जयवंताबाईंचा चेहरा उतरला. लक्ष्मणरावांनी हाच मुद्दा रिपोर्टाच्या पुरवणीत लिहायचं योजलं होतं, शब्दन् शब्द हाच. दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकताना तो त्यांना फार घाणेरडा वाटला.

"ही रीत जुनी असल्याचं कोणी सांगू शकेल?" साहेबांनी विचारलं.

जयवंताबाईंनी पोरांकडे पाहिलं. लक्ष्मणरावांकडे त्यांनी नजरही टाकली नाही. भिंतीशी उभ्या नलूच्या मानेवर घामाची धार उतरत होती आणि ती डोळे मिटूनच उभी होती. उघडा असं अजून कोणी सांगितलं नव्हतं. गावात तिच्या घरी एक नवं पातळ घडी करून ठेवलेलं होतं. लक्ष्मणराव बोलले नाहीत तर ते नेसलं जाणार होतं.

"मी सांगू शकतो," ते म्हणाले. "ही रीत माझी आहे. सत्तावन्न साली याच शाळेत मी ती शिकवली."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही? तक्रार तुमची, आणि रीतही तुमचीच? रिपोर्टात याचा उल्लेख नाही."

"मी ओळखली नाही."

"स्वतःची रीत ओळखली नाही?" साहेबांनी फाइल मिटली. त्यांच्या डोळ्यांत जे उतरलं ते लक्ष्मणरावांनी लगेच ओळखलं. इतकी वर्षं ते स्वतः आरशात तेच बघत आले होते. "उमाटे सर, तुमच्यावर कोणी दबाव आणला का? काही देणंघेणं?"

"नाही."

"मग तुम्हीही उभे राहा. मुलांच्या ओळीत. भिंतीकडे तोंड."

बाहेर कोणीतरी हसलं आणि कोणीतरी त्याला दटावलं. लक्ष्मणरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ओळीच्या शेवटी, नलूच्या शेजारी जाऊन उभे राहिले. सव्वीस वर्षांत पोरांना त्यांनी किती वेळा असं उभं केलं असेल, त्याचा हिशोब नव्हता. भिंतीला ओल्या चुन्याचा वास येत होता. आपल्या हातावर भरवसा ठेवण्यावाचून त्यांच्यापुढे काही उरलं नाही, आणि भरवसा ठेवायची तर त्यांना सवयच राहिली नव्हती. त्यांना भीती वाटली. त्यांनी डोळे मिटले.

"अव्हॉइड," साहेब म्हणाले. "होप. माइंड. डिसाइड." सगळं इतकं भराभर आलं, की हातावर पाळत ठेवायला सवड मिळाली नाही. पायांखाली ती धुळीची वाट होती, मागे डबे हिंदकळत होते. मग साहेबांनी पेपरात नसलेला शब्द टाकला. "बिगिन."

भिंतीकडे तोंड केलेल्या बत्तीस जणांनी दोन्ही हात दोन्ही खांद्यांवर नेले, खाली घेतले आणि उजव्या मनगटाने कपाळ पुसलं.

साहेबांनी फाइल पुन्हा उघडली. उन्हाळा होता, घाम सगळ्यांनाच आला होता, पण सगळ्यांना एकाच शब्दाला येत नाही.

"हे कपाळाचं काय?"

"काही शब्द दोन्ही डब्यांत चालतात, साहेब," जयवंताबाई म्हणाल्या. "दोन्ही डबे भरले की कावड जड होते. ती खाली ठेवा लागते अन् घाम पुसा लागते. मास्तर तसंच करे."

"हे तुम्ही उमाटे सरांना अगोदर सांगितलं होतं?"

"मी नाई सांगितलं. त्याइचीच रीत हाय, मी काय सांगाचं?"

लक्ष्मणराव अजून भिंतीकडेच तोंड करून होते. हात कपाळावर राहिला होता. देवकाबाईची पावडर त्यांना आठवली.

साहेबांनी त्यांच्याकडून चार ओळी लिहून घेतल्या, 'सदर पद्धत माझी आहे. मी ती ओळखली नाही. माझी तक्रार मी मागे घेतो.' खाली सही, तारीख. पेनाला टोपण लावत साहेब म्हणाले, "मुलांचा निकाल लागेल. पण यापुढे परीक्षेचं काम तुम्हाला मिळेल असं वाटत नाही."

"माझ्या हातात असतं तर मीही दिलं नसतं," लक्ष्मणराव म्हणाले.

एसटीला वेळ होता. जयवंताबाई त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आल्या. चालता चालता लक्ष्मणरावांनी विचारलं, "मी तोच, हे तुमाले मालूम होतं?"

"पत्रासंगं रिपोर्ट आलता, त्यावर सही होती ना, सर. मी डोमाजीची जयवंता. तिसऱ्या रांगेत बसो."

डोमाजी! त्याच्या घरी ते जेवायचे. तक्रारीसाठी सगळ्यांत जास्त संशय त्यांनी ज्याच्यावर घेतला होता, तो हाच.

"मग त्या दिवशी घरी आल्या तवा सरळ काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी म्हटलं असतं, वशिला लावाले आली."

लक्ष्मणराव बराच वेळ चालत राहिले. मग चोवीस वर्षं घशात अडकलेला प्रश्न त्यांनी विचारला. "माही तक्रार कोणं केलती?"

जयवंताबाई थबकल्या. "कोनंच नाई, सर. तो साहेब जीपीतून चाललाता, रस्त्यावर आमाले पाणी वाहताना पाह्यलं अन् उतरला. तुमी गेले तवा बाबा दहा माणसं घेऊन वर्ध्याच्या ऑफिसात गेलता, मास्तरले वापस पाठवा म्हणून. दोन दिवस बसून राह्यले तिथं. तुमी आमाले भेटून बी नाई गेले. बाबा मरेपर्यंत म्हणे, मास्तरले आपलं काय वाईट वाटलं कोण जाणे."

एसटी आली. लक्ष्मणराव खिडकीपाशी बसले. कंडक्टरने दिलेले सुटे पैसे त्यांनी न पाहता खिशात टाकले. गाडीत ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणून त्यांना रडता आलं.

जूनमध्ये निकाल लागला. नलू पास झाली, इंग्रजीत त्रेपन्न. ती वर्ध्याला गेली आणि पातळ तिच्या आईने नेसायला काढलं. पुढच्या मार्चात परीक्षेच्या कामाच्या यादीत लक्ष्मणरावांचं नाव नव्हतं. पेपरच्या घंटा घरापर्यंत ऐकू येत, तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून बसत. आर्वीत लोक काय बोलायचं ते बोलले आणि थकले.

त्याच वर्षीच्या पौषात ते चाचणीचे पेपर घेऊन बसले होते. अंगावर शाल होती. देवकाबाई चहा घेऊन दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. लक्ष्मणरावांचा हात डाव्या खांद्याकडे निघाला होता. आता त्यांना ते कळत असे. पूर्वी कळलं असतं तर त्यांनी तो वाटेतच पकडला असता. त्यांनी त्याला जाऊ दिलं. मग उजव्या खांद्याकडेही जाऊ दिलं. पुढचं वाक्य बिगिनचं होतं. लक्ष्मणरावांनी लाल पेन खाली ठेवलं आणि कोरडं कपाळ पुसलं.